कार्ड रिकामं बसतं, गेम मात्र अडखळतो

प्रश्न : माझ्या पीसीत रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच डीडीआर४ ३२०० रॅम आणि नवं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. १०८०पीवर खेळताना कार्डचा वापर ५० टक्क्यांच्या वर जात नाही, शहरातल्या गर्दीत एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ८० वरून ४० वर येतात. प्रोसेसरही निम्माच वापरात दिसतो. ड्रायव्हर दोनदा नव्याने टाकला. दुकानदार म्हणतो, पॉवर सप्लाय बदला. – एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यात बदलू नका. पॉवर सप्लाय कमी पडला की पीसी बहुधा गेममध्येच बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. कार्डही ठणठणीत असावं. फ्रेममध्ये काय काय आहे हे आधी प्रोसेसर ठरवतो, मग कार्ड ते रंगवतं. मागून कामच येईना, तर कार्ड काय करणार?

प्रोसेसरचे ते ५० टक्के फसवे आहेत. २६०० मध्ये १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) आहेत आणि दिसतो तो त्यांचा सरासरी आकडा. गेमचा मुख्य थ्रेड एकटा दमलेला असला, तरी सरासरीत ते लपतं. खात्री करायची तर व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा (नाहीतर चाचणीला अर्थ नाही) आणि त्याच गर्दीच्या जागी रेझोल्यूशन ७२०पी करा. एफपीएस जागचे हलले नाहीत, तर अडथळा प्रोसेसर-रॅमकडे आहे.

माझा पहिला संशय रॅमवर. एकाच स्टिकमुळे रॅम आणि प्रोसेसरमधला एकच चॅनल, म्हणजे मार्ग, चालतो : ३२०० च्या वेगाला सेकंदाला २५.६ जीबी. दोन स्टिकवर तेच ५१.२ होतं. रायझनला हा फरक चांगलाच जाणवतो. शक्यतो त्याच मॉडेलची दुसरी स्टिक घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसरा आणि चौथा वापरायचा. बोर्डावर ए२, बी२ असं छापलेलं असतं. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करा. ते बंद असलं की ३२०० ची रॅमही २१३३ किंवा २४०० वरच चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो. २६०० ला अधिकृत पाठिंबा २९३३ पर्यंतच आहे; ३२०० वर पीसी सुरू होईना किंवा गेम मधेच बंद पडू लागला, तर हाताने २९३३ ठेवा.

सेटिंगमध्ये गर्दीची घनता आणि लांबवरचे तपशील कमी करा, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा बारीक हिशोब) बंद करा; त्याचा भार प्रोसेसरवरही पडतो. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) उतरवून काही हाती लागणार नाही, कार्डवर १२ जीबी मेमरी आहे. वापराचा आकडा ९९ दिसावा एवढीच हौस असेल, तर रेझोल्यूशन वाढवा. एफपीएस साधारण तेवढेच राहतील, चित्र मात्र सुधारेल.

एवढं करूनही कमी वाटलं तर रायझन ५ ५६०० घ्या. तो याच बोर्डावर बसतो आणि तोही ६५ वॅटचाच आहे. फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा, नाहीतर पडदा काळाच राहील.

प्रश्न : गेमिंग लॅपटॉप प्रवासात छोट्या टाइप-सी चार्जरवर चालवतो. घरी ७० एफपीएस, बाहेर २५. बिघाड आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. मूळ चार्जर १८०-२३० वॅटचा असेल आणि हा ६५ चा, तर लॅपटॉप स्वतःच कार्डची वीज कापतो. अशा वेळी वापर ९९ टक्के दिसूनही वेग पडलेला असू शकतो. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टक्क्यांसोबत क्लॉक (कार्ड चालण्याचा वेग) आणि तापमानही पडद्यावर ठेवा. घरी मूळ चार्जरवरही वीस मिनिटांनी क्लॉक पडत असेल, तर पंख्यातली धूळ काढून घ्या.