जन्माचा दाखला नाही, आणि व्हिसाचा नंबर लागला

भावंडांसाठी किंवा आईवडिलांसाठी अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाचा अर्ज केलेल्या वाचकांची पत्रं या महिन्यात बरीच आली. बहुतेकांची अडचण एकच: जन्म 1970 च्या आधीचा, आणि नोंद सापडत नाही.

प्रश्न : माझा जन्म 1961 चा, आजोळी, घरीच झालेला. भावाने 2006 मध्ये माझ्यासाठी अर्ज भरला होता, आता कागदपत्रं मागितली आहेत. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीने 'नोंद नाही' असं लेटरहेडवर लिहून दिलं. चालेल का?
– वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोन कारणांनी चालणार नाही. पहिलं म्हणजे ते पत्र चुकीच्या गावचं आहे. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे असते, वडिलांच्या गावी नव्हे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत, त्यामुळे थोरल्या भावंडांच्या बाबतीत ही चूक हमखास होते. दुसरं, सरपंचांचं पत्र किंवा रहिवासी दाखला म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे नोंद सापडत नसल्याचा अधिकृत दाखला, नव्हे. ते जन्म-मृत्यू निबंधकाने, म्हणजे गावात ग्रामसेवकाने, ठरलेल्या नमुना 10 मध्ये सही-शिक्क्यानिशी द्यायला हवं. कोणत्या वर्षांचं दप्तर तपासलं हे त्यात यावं. तुमचं आणि आईवडिलांचं नाव पासपोर्टमधल्या स्पेलिंगप्रमाणेच घालून घ्या. इथे एक अक्षर चुकलं तर पुढे दोन प्रतिज्ञापत्रं वाढतात.

नोंद नसण्यात वावगं काही नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला आणि त्याआधी अनेक जन्म नोंदलेच गेले नाहीत, हे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भारताविषयीच्या नियमांतही मान्य केलं आहे. त्यामुळे अनुपलब्धता प्रमाणपत्राच्या जोडीला शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्रं असे दुय्यम पुरावे घेतले जातात.

मात्र ग्रामपंचायतीत 'नाही' ऐकलं की थांबू नका. आजोळच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची (गाव नमुना 14), नक्कल मागा. जुन्या नोंदी पुष्कळदा तिथेच असतात. तालुक्याचं विभाजन झालं असेल तर मूळ तालुक्यातही विचारा. नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं वडिलांचं नाव आणि 'मुलगी' एवढंच असतं. आजोळच्या दप्तरात ती आजोबांच्या नावाखाली चढलेली असण्याचीही शक्यता असते, म्हणून शोधताना दोन्ही आडनावं द्या. मजकूर मोडीत असेल तर आधी जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर, मग इंग्रजी भाषांतर. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

यानंतर शाळा सोडल्याचा दाखला. तो शक्यतो पहिल्या शाळेचा, सोबत जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा, उतारा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख छापलेली असेल तर तेही. कागद जितका जुना तितकं त्याचं वजन जास्त. जुन्या शाळा-दाखल्यांत आईचं नाव नसतं, आणि भावंडांच्या अर्जात नेमकं तिथेच अडतं. आई समान असल्याचं दिसत असेल तर दोघांचे जन्मपुरावे पुरतात. फक्त वडिलांचं नाव दिसत असेल तर आईवडिलांच्या विवाहाचा पुरावाही लागतो. म्हणून आईचं नाव प्रतिज्ञापत्रांत स्पष्ट आलंच पाहिजे.

प्रतिज्ञापत्र आई, मावशी, आत्या, मामा यांच्यापैकी तुमच्याहून वयाने मोठ्या माणसाचं हवं. 1961 च्या जन्माची ग्वाही 1960 साली जन्मलेला चुलतभाऊ कशी देणार? शपथ घेणाऱ्याचं नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख, तुमच्याशी नातं, तुमच्या जन्माची तारीख व ठिकाण, दोन्ही पालकांची नावं, आणि ही माहिती त्यांना कशी आहे, हे सगळं त्यात यावं. 'बाळंतपणाच्या वेळी मी त्याच घरात होते' या वाक्याला किंमत आहे, 'मला माहीत आहे' याला नाही. दोन प्रतिज्ञापत्रं घ्या, पण नोटरीच्या टायपिस्टला एकच मजकूर दोनदा छापू देऊ नका. शब्दन् शब्द सारखे कागद संशय वाढवतात. मूळ प्रती मुलाखतीला न्यायच्या असतात, त्या जपून ठेवा.

प्रश्न : त्यापेक्षा आता नवीन जन्मनोंद करून घेतली तर?
– वाचक, नाशिक

उत्तर : कायद्याने करता येते. वर्ष उलटून गेलेल्या जन्माच्या नोंदीसाठी ऑक्टोबर 2023 पासून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2025 पासून महाराष्ट्रात या प्रकरणांची छाननी कडक झाली आहे. पण दाखल्यावर नोंदणीची तारीख छापली जाते. साठ वर्षांनी झालेली नोंद पाहिली की व्हिसा अधिकारी पुन्हा जुने कागदच मागतो. त्यामुळे हा खटाटोप आम्ही सुचवत नाही. त्यातही, एकदा अनुपलब्धता प्रमाणपत्र जोडून मागाहून नवा दाखला दिला तर दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलू लागतात.

प्रश्न : शाळेत 1 जून, कोतवाल बुकात 14 ऑक्टोबर. पासपोर्ट 1 जूनचाच आहे. कोतवाल बुक दाखवूच नये, असं एजंट म्हणतो.
– वाचक, बीड

उत्तर : एजंटचं ऐकू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि वय बसवण्यासाठी गुरुजी 1 जून लिहायचे. अशी पिढीच्या पिढी आहे. भावंडांच्या अर्जात चार महिन्यांनी नातं बदलत नाही, पण हाती असलेला कागद दडवल्याचं उघडकीस आलं तर विश्वासार्हता जाते. नक्कल जोडा आणि दोन तारखा का आहेत हे वडीलधाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात सांगा. अर्ज चालू असताना पासपोर्टची तारीख बदलायला जाऊ नका, त्याने नवे प्रश्न उभे राहतात. तुमच्यासोबत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र तारीख काटेकोर हवी, कारण त्यांचा हक्क 21 वर्षांच्या मर्यादेवर ठरतो.

प्रश्न : लग्नात माझं पहिलं नावही बदललं. दाखल्यावरची मुलगी मीच, हे कसं दाखवू?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : माहेरच्या नावापासून पासपोर्टपर्यंत कागदांची साखळी जोडा: शाळेचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला असेल तर तो अंक. विवाहाची नोंद झालेली नसेल तर जुन्या लग्नाची नोंद आजही करता येते, अर्जात माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहा. लग्नपत्रिका असेल तर तीही ठेवा. व्हिसाच्या अर्जात 'इतर नावे' या रकान्यात माहेरचं नाव भरायला विसरू नका. ते राहून जाणं ही सर्वांत सामान्य चूक आहे.

प्रश्न : आधार कार्ड आणि डीएनए चाचणी जोडली की काम भागेल ना?
– वाचक, ठाणे

उत्तर : आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्माचा नाही. डीएनए चाचणी स्वतःहून करू नका. दूतावासाने सुचवली तरच, आणि त्यांच्या पद्धतीने, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेमार्फत करायची असते. आई किंवा वडील हयात असतील तर भावंडांची आपसात करण्यापेक्षा दोघांचीही पालकाशी जुळवून केलेली चाचणी जास्त खात्रीची ठरते.