भाऊ ॲडमिट असताना स्वतःकडेपण बघ

हे बघ बाळ, नर्स हाक मारूनपण येत नाही, डॉक्टर राऊंडला येऊन लगेच जातात, तुझी झोप उडालीय, मग डोकं फिरणारच की. पण वॉर्डात भांडू नको, वहीत लिहून ठेव, कुठलं औषध किती वाजता दिलं, कोण काय बोललं, आणि केस पेपरची कॉपी लेखी अर्ज देऊन माग, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमानं डॉक्टरनी ती 72 तासात द्यायला पायजे. इथं कर्नाटकात अर्ज कन्नडमधनं लिहून घे कुणाकडनं तरी, पोच घेतल्याशिवाय हलू नको. प्रायव्हेट दवाखाना असला तर तक्रार डीसींकडं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, जिल्ह्याच्या तक्रार समितीचे अध्यक्ष तेच असतात.

आता तुझं. जेवण जात नाही, उठवत नाही, जगायचा कंटाळा आला म्हणतोस, ह्याला नुसतं टेन्शन म्हणून सोडू नको रे, हा डिप्रेशनचा आजार असू शकतो आणि तो औषधानं बरा होतो. टेलिमानसला, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लाव, फुकट आहे, रात्रीपण उचलतात, मराठीतनं बोलता येतं. धारवाडला डिमहान्स हा मनाच्या आजाराचा सरकारी दवाखाना आहे, बेळगावहून एका दिवसात जाऊन येणं होतं. आणि जीव द्यायचा विचार येत असला तर आत्ताच घरात कुणालातरी सांग, आज रात्री वॉर्डात चुलत्याच्या पोराला बसव, तू घरी जाऊन आईजवळ झोप.