गाल पुढे करायचा की तक्रार द्यायची?

प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही लिहिलंय की सातपूरला तुमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी प्रार्थनासभा होते. मागच्या वेळी पाच-सहा मुलं दारात आली, "धर्मांतर बंद करा" म्हणून ओरडली, मोबाइलवर शूटिंग केलं आणि गेली. सोसायटीच्या ग्रुपवर आता रोज काहीबाही येतंय. पाळकसाहेब म्हणतात क्षमा करा, घरातली तरुण मुलं म्हणतात केस टाका. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही ऐका. ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. मलाही हे कळायला बरीच वर्षं लागली.

दुसरा गाल पुढे कर म्हणणाऱ्या प्रभू येशूला हन्ना या याजकासमोर चौकशी चालू असताना शिपायाने चपराक मारली, ते योहानाच्या अठराव्या अध्यायात वाचा. त्याने उलटा हात उचलला नाही, पण मान खाली घालून गप्पही राहिला नाही. माझं चुकलं असेल तर काय ते दाखव, नसेल तर मारतोस का, असं सरळ विचारलं. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाचंही तेच. त्याला फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. रात्री त्याने बंदिशाळेच्या नायकाला जीव देण्यापासून अडवलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, गुपचूप निघून जा. तेव्हा हाच पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत फटके मारलेत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा. तो तर गाव सोडून जाणारच होता. मला वाटतं, मागे राहणाऱ्या, तिथे नव्याने विश्वास ठेवलेल्या लुदियेच्या आणि त्या नव्या ख्रिस्ती मंडळीच्या डोक्यावर कायमचा संशय राहू नये म्हणून त्याने हे केलं. तुमच्या सभेला येणाऱ्या बायकामुलांचा विचार करा, म्हणजे पौल कळेल.

पण तक्रारीच्या आधी एक गोष्ट बघा. तुम्हाला विरोध नेमका कशाला होतोय?

आम्ही सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, तेव्हाची गोष्ट. समोरच्या काकू अचानक बोलेनाशा झाल्या. मग जिन्यात टोमणे, मग चेअरमनकडे अर्ज : "यांच्याकडे बाहेरची माणसं येतात." मी त्याला छळ समजले. महिला मंडळात उभी राहून तशी प्रार्थनाही मागितली, आणि रागाच्या भरात काकूंना असं काही बोलले की आजही आठवलं की लाज वाटते. पुढे धुणं वाळत घालताना त्यांच्या सुनेने सांगितलं. आमच्या सभेला तीस-पस्तीस जोडी चपला पडायच्या, थेट त्यांच्या उंबऱ्यापर्यंत. काकू शुक्रवारी संध्याकाळी लक्ष्मीची रांगोळी काढायच्या आणि आमचे लोक ती तुडवत आत यायचे. दर शुक्रवारी! एकालाही खाली बघायचं सुचलं नव्हतं. मी जाऊन माफी मागितली, चपलांसाठी खाली जिन्याशेजारी जुनं कपाट ठेवलं, ढोलकी बंद केली. (ढोलकीवाला भाऊ रुसला, तो वेगळाच विषय.) काकू लगेच गोड झाल्या असं नाही. पण अर्ज थांबले, आणि त्या वर्षी नाताळाच्या करंज्या त्यांनी घेतल्या.

दुसरं जरा कडू आहे. साक्ष देताना, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगताना, आपले काही लोक जुन्या देवांची टिंगल करतात, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे ते सगळं ऐकू जातं. इफिस शहरात पौलाच्या प्रचारावरून दंगल पेटली तेव्हा नगराच्या चिटणिसानेच पौलाच्या सोबत्यांच्या बाजूने सांगितलं, की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. तुमच्या शेजाऱ्याला तुमच्याबद्दल असं म्हणता येईल का? मदत द्यायची तर सभेच्या वेळी किराणा वाटू नका, वेगळ्या दिवशी द्या, आणि सभेला न येणाऱ्यालाही द्या. आमिषाचा आरोप करणाऱ्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण देते. त्या आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांचा 1900 चा. मधली वर्षं भांडणात, विरहात आणि सोवळ्याओवळ्याच्या ओढाताणीत गेली. विश्वास घरातल्या घरातसुद्धा लादता येत नाही.

आता ती मुलं. ती रांगोळीवरून आलेली नाहीत, त्यामुळे तिथे करंज्यांचा उपयोग नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 प्रमाणे कायदेशीर उपासनेत मुद्दाम व्यत्यय आणणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. एका पानावर लिहा : तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोणी पाहिलं. विशेषणं नकोत, वचनं नकोत. ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर तीच तक्रार पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, तशी सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. पुन्हा दारात आले तर वाद घालू नका, 112 लावा. एकाने शांतपणे शूटिंग करावं, पण ते ग्रुपवर टाकू नका, वकिलाकडे आणि पोलिसांकडेच द्या. तुमच्या मुलांना मात्र बजावून सांगा, उत्तरादाखल कोणाच्या देवाबद्दल एक जरी पोस्ट टाकली, तर न्याय संहितेचं कलम 299, म्हणजे धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याचं, त्यांनाही लागू शकेल. कोणी विचारलंच तर घटनेचं कलम 25 आपल्याला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क देतं. पण 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलंय की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तेवढं माहीत असू द्या, नाहीतर वादात तोंडघशी पडाल.

आणि सगळी इमारत आपल्याविरुद्ध आहे असं धरून चालू नका. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेच्या रांगेत उभे राहून बघा, आपल्यापेक्षा इतर धर्मांचेच लोक जास्त वाटतील. त्यातलं एखादं कुटुंब तुमच्या जिन्यातही असेल.

या शुक्रवारी सभा आहे म्हणताय, तर गुरुवारी संध्याकाळी चेअरमनकडे जा. दोघांनीच जा, नवरा-बायको, मंडळीचा घोळका नको. किती माणसं येतात, किती वाजता संपतं ते सांगा, आणि त्यांच्या घरच्यांना सभेला येऊन बसा म्हणा. तक्रारीचा कागद तोवर टाइप करून घरी ठेवा. आणि दारात चपला किती पडतात ते एकदा मोजा.