पाठिंबा कोणाचा, ते आधी लिही

अंबाजोगाई

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचलं. कष्ट दिसतात. पण एका वाक्यापाशी अडलो: ‘जनतेचा पाठिंबा नसल्यामुळे श्रीलंकेतली भारतीय शांतिसेना अपयशी ठरली.’ कुठल्या जनतेचा? दिल्लीच्या, मद्रासच्या, जाफन्याच्या की कोलंबोच्या? सगळ्यांना तू एकाच शब्दात कोंबलंस आणि तिथेच तुझा विषय निसटला.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथला सिंहली-तमिळ संघर्ष मिटवण्याच्या करारावर सह्या केल्या आणि त्यानुसार आपली शांतिसेना तिकडे गेली. श्रीलंकेचे पंतप्रधान प्रेमदासा तिकडे फिरकलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. दक्षिणेत करारावरून सिंहली तरुण पेटले. उलट उत्तरेकडच्या जाफन्यातल्या तमिळ लोकांनी आपल्या जवानांचं हारतुऱ्यांनी स्वागत केलं. मग ऑक्टोबरमध्ये तमिळ वाघांशी (एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी) लढण्याचं ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच गल्लीबोळांतून लढाई झाली. जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले. त्यानंतर तिथल्या घराघरांत काय बोललं गेलं असेल, याचा विचार कर. आपली सेना दोन्ही घरचा पाहुणा होऊन उपाशी राहिली. १९८९ मध्ये प्रेमदासांनी, आता राष्ट्राध्यक्ष म्हणून, उघडपणे ‘परत जा’ म्हटलं. सुमारे १,२०० जवान गमावून मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. देशासाठी जीव धोक्यात घालून आलेल्यांना आपल्याच बंदरावर असं उतरावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

या सगळ्यात दिल्लीतलं जनमत कुठे निर्णायक ठरलं ते मला दाखव. माझ्या मते जाफना आधी हातचं गेलं, मग हेतू धूसर झाला आणि त्यानंतर इकडचा पाठिंबा विरला. तुझ्या प्रकरणात हा क्रम नेमका उलटा आहे.

तू अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांचा आधार घेतलास, ते बरं केलंस. कोरिया आणि व्हिएतनामच्या वेळच्या जनमत चाचण्या तपासून त्यांनी मांडलं की मृतांचा आकडा वाढतो तसा पाठिंबा घसरतो. पुढच्या काही अभ्यासकांनी म्हटलं, यश येईल असं वाटत असेल तर लोक नुकसानही सोसतात. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण दोघांनीही विचारलं ते सैन्य पाठवणाऱ्या देशातल्या माणसांना. ज्यांच्या दारात रणगाडा उभा राहतो त्यांना या चाचण्यांत जागाच नाही. ही उणीव भरून काढणं, एवढं एक काम जरी तुझ्या लघुप्रबंधाने केलं तरी तो वाचण्यासारखा होईल.

राजकीय इच्छाशक्तीबद्दलही सांभाळून लिही. पहिल्या दिवशीचं मतदान म्हणजे इच्छाशक्ती नव्हे. ऑगस्ट १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मुभा देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मार्च १९६८ मध्ये त्याच जॉन्सननी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. १९७१ शी ताडून बघ. एक कोटीच्या आसपास निर्वासित आले होते, मुक्तिवाहिनी स्वतः लढत होती, इंदिरा गांधी युद्धाआधी देशोदेशी फिरून आपली बाजू मांडत होत्या. आणि मार्च १९७२ मध्ये सैन्य परतलंही. कधी थांबायचं ते ठरलेलं होतं, म्हणून ते जमलं.

जुलै २००३ वरही एक परिच्छेद हवाच. इराकमध्ये आपलं सैन्य यावं म्हणून अमेरिका गळ घालत होती. त्याआधी एप्रिलमध्ये संसदेने त्या युद्धाविरुद्ध ठराव केला होता. वाजपेयी सरकारने १४ जुलैला सांगितलं की संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही. मोठ्या मित्राला नकार द्यायलाही धमक लागते. तुझ्या मांडणीत इच्छाशक्ती म्हणजे फक्त सैन्य धाडणं, असं झालंय.

आता थोडं घराजवळचं. हैदराबाद संस्थानातली १९४८ ची पोलीस ॲक्शन परदेशातली नव्हे, हे मान्य. पण निजामाने तक्रार सुरक्षा परिषदेत नेली होती, आणि सैन्य येतं तेव्हा गावात काय होतं हे आपल्या मातीतच शिकता येतं. रझाकारांच्या जाचातून सुटलेल्यांनी त्या सप्टेंबरमध्ये आनंद केला. त्याच दिवसांत उस्मानाबाद, लातूर, नांदेड भागात मुसलमान घरांवर काय ओढवलं ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे, आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. एकाच गावात दोन अनुभव. दोन्ही ऐक, एकही गाळू नकोस.

नोव्हेंबरात निवृत्त फौजी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतात. त्यांच्यात श्रीलंकेहून आलेले कुणी भेटतात का बघ. ‘तुमचा पाठिंबा होता का’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. निघताना काय सांगितलं होतं, तिथे पोचल्यावर काय दिसलं, गावातली बायामाणसं पाणी देत होती का, आणि ते कधी बंद झालं, हे विचार. वही लगेच काढू नकोस. आधी चहा घे.

जाफन्याचा भाग आधी लिही, दिल्लीचा नंतर. झाला की पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

तुझे सर