हवालदार साहेब, केस टाका. पण प्लॉटचा इसार थांबवा

जिंतूर तालुक्यातल्या, लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचं पत्र आलं आहे. १९९७ ला भरती, जुलै २०२१ मध्ये २४ वर्षं पूर्ण करून घरी. सुटताना मेडिकल बोर्डाने रक्तदाबापोटी ३० टक्के अपंगत्व लिहिलं, तेही आयुष्यभरासाठी. पण ते सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही, असा शेरा पडला आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. पहिलं अपील २०२२ मध्ये फेटाळलं, दुसरं नोव्हेंबर २०२३ मध्ये. आता परभणीतला एक जण म्हणतो, ८० हजार रोख आणि थकबाकीतले २५ टक्के द्या, मुंबईच्या ट्रिब्युनलमधून (सैनिकांच्या दाव्यांसाठीचं सशस्त्र बल न्यायाधिकरण) दहा लाख काढून देतो. मुंबईच्या एका वकिलांनी तीन हप्त्यांत ३५ हजार फी सांगितली आहे. घरी २ लाखांची एफडी आहे, ती मुलीच्या लातूरच्या क्लास आणि होस्टेलसाठी. बचत खात्यात २२ हजार. पेन्शन हातात २५ हजारांच्या आसपास, एटीएमवर गार्डची नोकरी १४ हजारांची. चार एकर कोरडवाहू, गेल्या खरिपातलं सोयाबीन अतिवृष्टीने नेलं. मेव्हणे म्हणतात, थकबाकी येणारच आहे तर परभणीत प्लॉटचा इसार देऊन टाका. पत्नी म्हणतात, सरकारशी भांडलात तर आहे ती पेन्शनही जाईल.

नमस्कार हवालदार साहेब,

आधी वहिनींच्या भीतीचं बोलू, कारण घरात ती भीती असताना पुढचा हिशोब कुणाच्या गळी उतरणार नाही. तुम्हाला मिळते ती सेवेची पेन्शन. २४ वर्षं नोकरी केलीत म्हणून ती मिळते, आणि या केसमध्ये तिचा प्रश्नच नाही. ट्रिब्युनलपुढे मागायचा आहे तो अपंगत्वाचा वेगळा भाग. केस हरलात तर तो भाग मिळणार नाही, आजही तो मिळतच नाही. २५ हजारांना हात लागत नाही. हे वहिनींना वकिलांच्या तोंडून ऐकू द्या, माझ्यापेक्षा त्यांचं वजन जास्त पडेल.

आता आकडे. सुटताना तुमचा मूळ पगार ४१,६०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, मिळून ४६,८००. शंभर टक्के अपंगत्वाला या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे महिना १४,०४० रुपये मिळतात. तुमच्या ३० टक्क्यांचे झाले ४,२१२. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. ५० पेक्षा कमी अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्याच्या वर १००, अशी सरकारचीच पद्धत आहे. ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने ती फक्त मेडिकलवर मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना लागू केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सांगितलं की पूर्ण नोकरी करून सुटलेल्यालाही हा लाभ मिळाला पाहिजे. म्हणून अर्जात ३० टक्क्यांवर थांबू नका, ५० टक्क्यांची मागणी स्पष्ट शब्दांत घाला. त्याने ४,२१२ चे ७,०२० होतात. त्यावर महागाई भत्ता जुलै २०२५ च्या ५८ टक्के दराने धरला तर महिना ११ हजारांच्या थोडं वर, वर्षाला १ लाख ३३ हजार. तुमचं वय आज ४७. हे पैसे हयात असेपर्यंत येत राहतात आणि भत्ता वाढेल तसे वाढतात. कोरडवाहू चार एकरातून खर्च जाऊन दरवर्षी बिनचूक एवढं हातात पडत असेल असं मला वाटत नाही.

थकबाकीचं मात्र तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं आहे. जुलै २०२१ पासूनचं सगळं मिळेल हे धरून चालू नका. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने मोडला जातो, म्हणून उशीर झाला तरी अर्ज ऐकला जातो. पण थकबाकी अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच द्यायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात घालून दिलं आणि ट्रिब्युनल सहसा त्यावरच चालतं. तीन वर्षांचे, त्या त्या वेळच्या भत्त्यासह, ५० टक्क्यांनी साधारण ३ लाख ८० हजार होतात. ५० चा लाभ न मिळता नुसते ३० टक्के मंजूर झाले तर २ लाख ३० हजारांच्या आसपास. केस चालू असतानाच्या महिन्यांचे त्यात वाढतील. दहा लाख कुठूनही होत नाहीत.

याच तीन वर्षांच्या नियमामुळे माझं मत इतकं ठाम आहे. तुम्हाला सुटून तीन वर्षं कधीच उलटली. त्यामुळे आज तुम्ही अर्ज एक महिना पुढे ढकललात की मागच्या टोकाचा एक महिना कायमचा गळतो. त्या जुन्या महिन्याची किंमत तेव्हाच्या भत्त्यासह जवळपास दहा हजार रुपये. तुम्ही लिहिलंत, 'दिवाळीनंतर बघू म्हणत होतो, मग मुलीची परीक्षा आली.' मधल्या प्रत्येक महिन्याने केस जिंकली तरी परत न येणारे दहा हजार नेले. ३५ हजार फी जड वाटते म्हणून चार महिने थांबलात तर फी वाचत नाही, तेवढे पैसे हक्कातून जातात.

केसमध्ये दम आहे का? मी वकील नाही, पण पैसे घालायचे की नाही हे सांगायचं तर एवढं मला पाहावंच लागतं. तुम्ही पाठवलेल्या एएफएमएसएफ-१६ या मेडिकल बोर्डाच्या फॉर्मच्या फोटोत आजाराच्या ओळीपुढे, सेवेमुळे झाला का आणि सेवेमुळे वाढला का, या दोन्ही रकान्यांत 'नो' आहे आणि कारणाच्या जागी इतकंच लिहिलं आहे की सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर झाली. ते ठाणं पुणे, सप्टेंबर २०१६. पण तुमच्या पोस्टिंगच्या यादीत त्याच्या आधीची ओळ द्रासची आहे, २०१४ ते फेब्रुवारी २०१६. जवळपास १०,८०० फुटांवरून खाली उतरलात आणि सात महिन्यांत बीपी नोंदला गेला. लष्कराच्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शिकेतच फील्ड आणि हाय अल्टिट्यूडच्या नोकरीने रक्तदाब वाढू शकतो हे मान्य केलेलं आहे. बोर्डाने द्रासचा उल्लेखही केलेला नाही. भरतीच्या वेळी कागदावर कुठलाही आजार नसेल आणि बोर्डाने ठोस कारण दिलं नसेल, तर संशयाचा फायदा जवानाला द्यायचा, हे धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली ठरलं आहे. सरकारी पक्ष म्हणेल की तुम्हाला लागू असलेल्या २००८ च्या नियमांत असं आपोआप गृहीत धरता येत नाही. तो वाद वकिलांनी लढायचा. तुम्ही या दोन ओळी, द्रास आणि पुणे, एकाखाली एक तारखांसह एका कागदावर लिहून द्या. द्रासला असताना एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, डोकेदुखी, चक्कर यासाठी कधी गेला असाल तर ती नोंद सोन्याच्या मोलाची आहे. रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत. मात्र तिच्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका, कागद नंतरही जोडता येतो.

निकाल हमखास तुमच्या बाजूने लागेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. पण शक्यता अर्धीअर्धी धरली आणि थकबाकीही कमीची, २ लाख ३० हजारांची धरली, तरी आज ३५ हजार फी आणि झेरॉक्स, नोटरी, एक-दोन फेऱ्यांचे दहा हजार, असा ४५ हजारांचा खर्च घालण्यासारखा आहे. ५० टक्क्यांनी जिंकलात तर पुढच्या चार-पाच महिन्यांच्या वाढीव पेन्शनमध्येच तो भरून निघतो. प्रत्येक तारखेला तुम्ही हजर असण्याची गरज नसते, वकील उभे राहतात. रात्री परभणीहून देवगिरी पकडून कागद द्यायला एकदा गेलात की बरंचसं काम होतं.

परभणीच्या त्या माणसाचा हिशोब मांडून बघा. ८० हजार आधी, आणि ३ लाख ८० हजारांचे २५ टक्के म्हणजे ९५ हजार नंतर. तुमच्या थकबाकीतले पावणेदोन लाख त्याचे. तो स्वतः ट्रिब्युनलमध्ये उभाही राहणार नाही, कुठल्यातरी वकिलाकडे फाइल देईल. आणि वकिलांना तर निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाईच आहे. त्यामुळे टक्केवारीची भाषा निघाली की उठून या. कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाच नाही, मेव्हण्यांनाही नाही. फीची रक्कम, हप्ते आणि त्यात काय काय धरलंय हे वकिलांकडून एका कागदावर लिहून घ्या, पावती घ्या.

त्यांना पहिला हप्ता देण्याआधी परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, सैनिक कार्यालयांतून कायद्याची मोफत मदत मिळावी म्हणून. तिथून वकील मिळाला तर ३५ हजार वाचले. पण तिथेही 'पुढच्या आठवड्यात या' असं दोनदा झालं तर थांबू नका, मुंबईच्या वकिलांकडे जा. दहा हजारांचा महिना लक्षात ठेवा.

पैसे कुठून आणायचे? एफडी मोडायची नाही. लातूरची दोन वर्षं मुलीला एकदाच मिळणार आहेत आणि क्लासची फी कुणासाठी थांबत नाही. पहिला हप्ता १५ हजारांचा आहे, तो बचत खात्यातल्या २२ हजारांतून द्या. उरलेले दोन दहा-दहा हजारांचे हप्ते गार्डच्या पगारातून महिना चार हजार बाजूला काढून पाच महिन्यांत निघतात. वकिलांना तशा तारखा मागा, बहुतेक ऐकतात. गावात शेकडा तीनने पैसे मिळतात म्हणून लिहिलंत. ते वर्षाला ३६ टक्के होतात. निकाल कधी लागेल याची तारीख कुणाच्या हातात नसताना असं कर्ज घेणं मला अजिबात मान्य नाही.

आणि प्लॉट. इथे मला मेव्हण्यांना दुखवावं लागेल. इसार द्यायचा तो उरलेले पैसे ठरल्या मुदतीत देता येतील तेव्हाच. ट्रिब्युनलचा निकाल तुमच्या बाजूने लागला तरी सरकार तिथे थांबेलच असं नाही. वर सर्वोच्च न्यायालय आहेच, आणि ट्रिब्युनलच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयातही जाता येतं हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं. अंतिम आदेशानंतरही नवा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघून पैसे खात्यात यायला वेळ जातो, कधी अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. प्लॉटवाला तोवर थांबणार नाही. इसार बुडाला तर तो मुलीच्या होस्टेलच्या पैशांतून बुडालेला असेल. घरखर्चाच्या वहीत या केसचं उत्पन्न सध्या शून्य लिहा. खात्यात रक्कम दिसली की त्या दिवशी प्लॉटचं बोलू, आणि त्याआधी कदाचित विहिरीचं.

आयकराची चिंता आत्ता नको. पेन्शन आणि पगार मिळून तुमचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे, वाढीव भाग धरूनही सहा-सव्वासहा लाख. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. थकबाकी ज्या वर्षी एकदम येईल तेव्हा मात्र एकदा विचारून घ्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, 'लोक म्हणतात मेजर धडधाकट दिसतोय, आणि बीपीचे पैसे मागतोय, म्हणून लाज वाटते.' ३० टक्के हा आकडा तुम्ही सांगितलेला नाही, लष्कराच्याच डॉक्टरांनी तपासून लिहिलेला आहे. भांडण फक्त पुढच्या रकान्यातल्या 'नो'शी आहे. ज्या बर्फात तुम्ही दोन हिवाळे काढलेत त्याचा त्या कागदावर शब्दही नाही, तो यावा म्हणून अर्ज करायचा आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तुम्ही मागे फिरलात तर मला वाईट वाटेल.

वहिनींना सगळे कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवा. केस चालू असताना तुमचं काही बरंवाईट झालं तर वारस म्हणून त्यांना ती पुढे चालवता येते, पण फाइल सापडली पाहिजे. एका पिशवीत बोर्डाचे कागद, दोन्ही अपिलांची उत्तरं, डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि पोस्टिंगची यादी. त्यात नोव्हेंबर २०२३ च्या पत्राचं पाकीटही ठेवा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का दिसतो तसं. ट्रिब्युनलला सहा महिन्यांची मुदत असते, ती उलटून गेली आहे. विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल आणि पत्र नेमकं कधी हातात पडलं हे वकील पहिल्याच भेटीत विचारतील.