लोणारला उन्हं कलायच्या आत पोचा

प्रश्न: आम्ही हिंगणघाटजवळच्या खेड्यातले. दिवाळीनंतर नणंदेला नागपूरहून घेऊन छत्रपती संभाजीनगरला तिच्या घरी सोडायचंय, शनिवार-रविवार हातात आहे, गाडी घरची. समृद्धीनं गेलं की पाच-सहा तासांत पोचतो म्हणे, पण मग पाह्यलं काय? सोबत सासूबाई (गुडघे दुखतात) आणि दहा वर्षांचा पोरगा. पुतण्या बाईकवर मागून येतो म्हणतो. सेवाग्राम, शेगाव, कारंजा, लोणार, सिंदखेडराजा, कुठं कुठं थांबावं?

उत्तर: ताई, आधी शेगाव काढून टाका. सासूबाई रागावतील, पण ते या रस्त्यावर नाही, अकोल्याकडून फिरावं लागतं, आणि महाराजांचं दर्शन असं घड्याळ बघत घेऊ नये. त्याची वेगळी वारी करा. तसं सेवाग्रामचंही जुनं नाव शेगावच होतं बरं का, दोन शेगावांत टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम केलं.

नागपूरहून सकाळी सातला निघा आणि लगेच समृद्धीला लागू नका. बुटीबोरी, सेलू, पवनार या जुन्या रस्त्यानं वर्धा गाठा. पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम, पंधरा मिनिटं बसा नुसते. मग सेवाग्राम. तुम्ही वर्धा जिल्ह्यातले, शाळेच्या सहलीत पाह्यलं असेलच, पण पोराला बापूकुटीत नीट दाखवा: मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं उठवलेली ताडाची झाडं, आणि साप पकडून दूर सोडायचा चिमटा-पिंजरा. पोट्टे चरख्यापेक्षा त्या पिंजऱ्यापाशीच जास्त रमतात, आमचा तर हलायलाच तयार नव्हता. वर्ध्यात गोरसपाक बिस्किटं घ्या, दोन डबे घ्या, एक कारंज्याच्या आत संपतो.

येळाकेळीहून समृद्धीवर चढा. आता हा रस्ता गुळगुळीत आहे हे खरं, पण सरळच्या सरळ, दोन्हीकडं कपाशी नि तूर, गाणी लावून चालवणाऱ्याचाही डोळा लागतो. गाडीला १२० ची मर्यादा आहे, तुम्ही शंभरावर राहा. घरून निघायच्या आधीच टायरची हवा तपासा, डबा-पाणी सोबत ठेवा, कारण भूक लागली की ढाबा समोर येईलच असं नाही. कारंजा लाडला उतरा, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिरात सासूबाईंचा शेगावचा रुसवा जाईल. मेहकरचा बालाजी वेळ उरला तरच.

मुख्य गोष्ट लोणार, मुक्काम तिथंच करा. आम्ही मागं एकदा भर दुपारी दोनला पोचलो, डोळे दिपत होते, काठावरून फोटो काढले आणि पळालो, अजून पस्तावतोय. चारच्या आत पोचलात तर पाणी रंग बदलताना दिसतं. अवकाशातून आलेला दगड काळ्या बेसाल्टवर आदळून झालेला खड्डा, तोंड जवळपास १.८ किलोमीटर, पाणी खारट नि सोड्यासारखं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं, आणि त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान, मिळाला. खाली उतरणं सकाळी, आणि तुम्ही तिघंच. सासूबाईंना नको, उतरताना सोपं वाटतं, चढताना दम निघतो. खाली पाण्याजवळ सडक्या अंड्यासारखा वास येतो, नाक मुरडू नका, ती त्या तळ्याचीच ओळख. पोराच्या खिशात एक लोहचुंबक ठेवा, मातीत फिरवलं की काळे कण चिकटतात, मग त्याला मोबाईल आठवणार नाही. तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत पाणी चढलंय का, ते आधी गावात विचारून घ्या. तोवर सासूबाईंना गावातल्या दैत्यसूदन मंदिरात बसवा, आत गारवा आहे आणि बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघता बघता तासभर सहज जातो.

रविवारी दुसरबीडवरून सिंदखेडराजा. जिजाऊंचा जन्म झाला तो राजवाडा, त्यांचे वडील लखुजीरावांची समाधी. समाधीपाशी पोराला सांगा की लखुजीरावांना १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात मुला-नातवासकट दग्यानं मारलं, आणि तो किल्ला तुमच्या नणंदेच्या गावापासून अर्ध्या तासावर आहे. पुतळा बारव (पायऱ्यांची जुनी विहीर) चुकवू नका, पाच मिनिटांचं काम. तिथून जालन्यावरून जुन्या रस्त्यानं गेलात तरी दुपारच्या चहाला घरी.

आणि पुतण्याला सांगा, समृद्धीवर बाईकला बंदी आहे, नाक्यावरूनच परत पाठवतील. मागच्या सीटवर गोरसपाकच्या डब्याशेजारी बस म्हणावं, पण डबा त्याच्या हातात देऊ नका.