काउंटी फेअरच्या रेडिओ कार्यक्रमात पहिल्यांदा वाचताना

अमेरिकेतल्या काउंटी फेअरमधून, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या जत्रेतून, थेट प्रसारण, आणि दोन गाण्यांच्या मधे तुमची कविता! मनापासून अभिनंदन. तूर्त एवढंच सांभाळा.

आधी कागद. नवख्यांचं बहुतेक सगळं इथेच बिघडतं. अक्षर मोठं, छपाई एकाच बाजूला, स्टेपल नको. पान उलटल्याची खसखस माइक हमखास पकडतो. मंडप उघडा असतो, वारा सुटतो. पानांमागे जाड पुठ्ठा धरून वर-खाली चिमटे लावा.

माइक तोंडापासून एका मुठीच्या अंतरावर ठेवा. पलीकडे ट्रॅक्टरनं वजन ओढायची स्पर्धा किंवा गुरांचा लिलाव चालू असेल, म्हणून ओरडून वाचावंसं वाटेल. ओरडू नका, माइकजवळ सरका. ऐकणारा घरी भांडी घासत एकटाच ऐकतोय, त्याच्याशी बोला.

पाच मिनिटं दिली असतील तर चारचंच न्या, घरी घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा. दर तासाच्या सुमाराला रेडिओ केंद्राला स्वतःची ओळख श्रोत्यांना सांगावीच लागते, तो तिथला नियम आहे. निवेदक तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

लांबलचक प्रस्तावना तर नकोच. नाव सांगा, सुरू करा.

आवाज जुळवायचं यंत्र, म्हणजे मिक्सर, वगैरे पुढच्या वर्षी शिकू. साउंड चेकला, म्हणजे आधीच्या आवाज-चाचणीला, मात्र वेळेआधी पोचा.